कयाकवरून मासेमारी: रॉड नक्की किती फुटी घ्यावा?

शांतपाणी (धागाकर्ता)

मंडळी, बरीच वर्षं काठावरून गळ टाकत आलोय. दोन महिन्यांपूर्वी १२ फुटी कयाक घेतली, वर बसायची, हाताने वल्हवायची. रॉड मात्र काठावरचाच जुना ९ फुटी वापरत होतो. म्हटलं रॉड तो रॉड, त्याला काय कळतंय आपण कुठे बसलोय ते.

त्याला कळलं. परवा दीडेक किलोचा मासा लागला. खेळवत खेळवत कयाकजवळ आणला. जाळीत घ्यायला गेलो तर मासा शेंड्याच्या बरोबर खाली आणि शेंडा माझ्यापासून सात-आठ फुटांवर. हात लांबवला, पुरेना. रॉड उभा केला, मग खांद्यावरून मागे नेला, डावा हात माशाकडे. कट्ट! वीतभर शेंडा मोडला आणि लाईनवरून घरंगळत थेट माशाच्या नाकावर जाऊन बसला. मासा मिळाला, तुकडाही मिळाला, रॉड गेला.

आता नवा घ्यायचाय. कोणी म्हणतं ६, कोणी साडेसहा, कोणी ७, एक जण तर ८ च्या खाली बोलायलाच तयार नाही. मी बहुतेक ल्युअर (नकली आमिष) फेकतो, कधी वल्हवता वल्हवता मागे सोडून ट्रोलिंग करतो. पाणी बहुधा शांत, अधूनमधून समुद्र. एकच रॉड घ्यायचाय. सांगा.

उगाच_एक

शेंडा मोडला तरी धागा बुडखा धरून आहे, हे उत्तम. जागा धरून बसतोय.

वल्हेकरी

शांतपाणी, आधी दुखवट्याचं बोलतो. रॉड लांब होता हे खरं, पण तो मोडला तुमच्या हाताने. तुम्ही रीळ जास्त फिरवलं. शेंड्यापासून मासा हातभर अंतरावर आला की आपल्याला वाटतं आता जवळ आला. जवळ आला तो शेंड्याच्या, तुमच्या नव्हे. शेंडा आणि मासा यांच्यात साधारण रॉडच्या लांबीएवढी लाईन बाहेर राहू द्यायची, मग रॉड वर-मागे नेला की मासा आपसूक मांडीशेजारी येतो. लाईन तोकडी ठेवून रॉड मागे ओढला की सगळा भार जाड भागावरून सरकून शेंड्याच्या काडीवर येतो. कार्बनची ती काडी आगपेटीतल्या काडीपेक्षा फार जाड नसते. उभ्याच्या पलीकडे रॉड गेला आणि लाईन तोकडी असली की ७ फुटीही मोडतो. मी मोडलाय.

आता लांबी. कयाकवर रॉडची लांबी ठरते ती किती लांब फेकायचंय यावरून नाही, तर मासा नाळेखालून पलीकडे गेला तर तुम्ही काय करणार यावरून. नाळ म्हणजे कयाकचं पुढचं टोक. काठावर मासा डावीकडे पळाला तर तुम्ही चार पावलं चालता. होडीत उठून दुसऱ्या बाजूला जाता. कयाकवर तुम्ही बुडावर खिळलेले. मासा उजवीकडून नाळेखाली घुसून डावीकडे निघाला तर लाईन तळावर घासणार, आणि खाली पेडलच्या फिन्स, सुकाणू किंवा फिशफाइंडरचा डोळा असेल तर तिथे अडकून संपलंच. अशा वेळी एकच उपाय. रॉड पुढे ताणायचा, शेंडा पाण्यात बुडवायचा आणि नाळेला वळसा घालून लाईन पलीकडे काढायची. शेंडा नाळेपलीकडे पोचला पाहिजे. पोचला तर लांबी बरोबर, नाही तर तोकडी. बाकी सगळी चर्चा त्यानंतरची.

तेव्हा आधी मोजा. जमिनीवर कयाक ठेवा, लाइफ जॅकेट घालून बसा, छातीपासून नाळेच्या टोकापर्यंत टेप लावा. आकडा इथे टाका.

जिगवाली

वल्हेकरी काका नेहमीप्रमाणे नाळ धरून बसलेत. :)

मी गेली काही वर्षं साडेपाच आणि ६ फुटी रॉडवरच आहे. मी खोल पाण्यात सरळ खाली जिग (वजनदार धातूचं आमिष) सोडते, ३०-४० मीटर. तिथे फेकायचं नाहीच. मासा लागतो तो बुडाखाली, ओढतो तो खाली. अशा वेळी लांब रॉड म्हणजे स्वतःच्या कमरेशी वैर. आखूड रॉडने उचलणं सोपं, जिगला झटके देणं सोपं, आणि मासा वर आला की हाताशी येतो. शांतपाणी यांची ती गंमत ६ फुटी रॉडवर घडली नसती.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: मासा खाली ओढत असताना रॉड कयाकच्या कडेवर टेकवायचा नाही. हात दुखतो, मोह होतो. कडेवर टेकला की सगळा वाक त्याच एका बिंदूवर येतो आणि तिथेच तडकतो.

वल्हेकरी

जिगवाली ताई, खाली सोडून मारायचं असेल तर तुमचं शंभर टक्के खरं. पण ते ल्युअर फेकणार आहेत. आणि मासा नाळेखालून गेला तर तुम्ही काय करता?

जिगवाली

कयाकच वळवते. पेडलची आहे माझी, हाताशी सुकाणू. मासा ज्या बाजूला त्या बाजूला नाळ. शिवाय माझी कयाक १० फुटी आहे, वळसा घालायची वेळ आलीच तरी ६ फुटीने कसाबसा जमतो. १२-१३ फुटी असती तर मीही साडेसहाच्या खाली गेले नसते, हे कबूल.

शांतपाणी

मोजलं. छातीपासून नाळेपर्यंत २०५ सेंटिमीटर. बायकोने टेप धरला आणि विचारलं की दिवाणखान्यात लाइफ जॅकेट घालून बसायचं नेमकं कारण काय.

वल्हेकरी

छान. आता हिशोब. हात पूर्ण पुढे ताणला की मूठ छातीपासून साधारण ६० सेंटिमीटर पुढे जाते. रॉडच्या एकूण लांबीतले ३० सेंटिमीटर मुठीच्या मागे राहतात असं धरा.

६ फूट म्हणजे १८३ सेंमी. मुठीपुढे १५३, अधिक हाताचे ६०, म्हणजे पोच २१३. नाळेपलीकडे जेमतेम ८ सेंमी. मासा ओढत असताना रॉड वाकलेला असतो, तेव्हा ते ८ सुद्धा नाहीत.

साडेसहा म्हणजे १९८. पोच २२८, पलीकडे २३. शांत मासा असेल तर निभावेल.

७ म्हणजे २१३. पोच २४३, पलीकडे ३८. इथे जरा श्वास घेता येतो.

साडेसात म्हणजे २२९. पलीकडे अर्धा मीटरच्या वर. वळसा मस्त, पण मासा हाताशी आणताना तुम्हाला तो परवाचा प्रसंग थोडाथोडा आठवत राहील.

तुमच्या कयाकला माझं उत्तर ७ फूट. कयाक १० फुटी असती तर साडेसहा म्हटलं असतं, १४ फुटी असती तर साडेसात. रॉड माणसाच्या उंचीला नाही, कयाकच्या नाकाला शोभला पाहिजे.

फेकबहाद्दर

इथे कोणी उभं राहून मासे मारत नाही का? माझी कयाक रुंद आहे, सपाट डेक, मी अर्धा वेळ उभाच असतो. साडेसात फुटीच्या खाली मला हात लुळा झाल्यासारखं वाटतं. लांब रॉडचा शेंडा वेगात फिरतो, ल्युअर लांब जातो. आणि बसून फेकायचं असेल तर तेव्हा उलट लांबच हवा, कारण तुमचे पाय आणि कंबर फेकीत कामाला येत नाहीत, तुम्ही पाण्याला चिकटलेले, सगळं मनगट-कोपरावर. ती उणीव रॉडने भरून काढायची.

अजून एक, जे कोणी बोललं नाही. काठावर तुम्ही झटका मारता तेव्हा पाय रोवलेले असतात. कयाकवर झटका मारला की अर्धा झटका कयाक खाते, तीच माशाकडे सरकते. लांब रॉड एका झटक्यात जास्त लाईन ओढून घेतो, ढील निघते, गळ रुततो. आखूडने मारत बसा टिचक्या.

वल्हेकरी

कयाक झटका खाते हे अगदी बरोबर. पण त्यावर उपाय लांबीपेक्षा पद्धतीचा आहे. ब्रेड, म्हणजे विणलेली लाईन फारशी ताणली जात नाही, त्यामुळे आधी रीळ फिरवून ढील काढा, माशाचं वजन हाताला लागू द्या, मग रॉड आडवा एका बाजूला लांब ओढा. गळाचं टोक नखावर घासलं तर ओरखडा उठला पाहिजे इतकं धारदार ठेवा. वर आकाशाकडे झटका मारलात तर गळ सुटून ल्युअर तुमच्याच तोंडावर येतो, आणि कयाकवर खाली वाकायलाही जागा नसते.

फेकीच्या अंतराचं म्हणाल तर, कयाक आहे ना राव! दहा मीटर कमी पडले तर दोनदा वल्हं मारा.

फेकबहाद्दर

दोनदा वल्हं मारलं की उथळ पाण्यातले मासे पळतात. कयाकवाल्यांना वाटतं आपण आवाजच करत नाही.

काटकोन

थोडं गणित करतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

रॉड ही तरफ आहे, आणि वाईट बातमी अशी की ती माशाच्या बाजूने आहे. समजा ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, ३ किलोवर लावलाय; त्याहून जास्त ओढ आली की लाईन सुटते. बुडखा पोटाला टेकलाय, पुढचा हात पोटापासून अर्धा मीटर पुढे. रॉड सरळ आणि लाईन त्याला काटकोनात, असं धरलं तर पुढच्या हाताला उचलावा लागणारा भार:

९ फुटीवर साधारण १६.४ किलो, ७ फुटीवर १२.८ किलो, ६ फुटीवर ११ किलो.

मासा तोच, ड्रॅग तोच. धागाकर्त्यांनी ९ फुटीने दहा मिनिटं मासा खेळवला असेल तर खांदा दुखलाच असेल.

प्रत्यक्षात रॉड वाकतो, त्यामुळे तरफ आखूड होते. शेंडा वाकून आडवं अंतर १.२ मीटरवर आलं की तोच भार ७ किलोच्या आसपास उतरतो. म्हणूनच नुसती लांबी बघून रॉड घेणं अर्धवट आहे. जो ७ फुटी रॉड मधल्या भागापर्यंत वाकतो तो हाताला काठीसारख्या कडक साडेसहा फुटीपेक्षा हलका वाटू शकतो. दुकानात शेंडा हाताने वाकवून बघू नका, कोणाला तरी लाईन धरायला सांगा आणि रॉड उचला, मग कुठून वाकतो ते कळेल.

आता पाण्यावर नाचवायच्या ल्युअरचं. सगळे म्हणतात बसून मारायचं तर रॉड आखूड हवा, नाहीतर शेंडा पाण्यात आपटतो. मूठ पाण्यापासून ४५ सेंटिमीटर वर असेल तर ७ फुटी रॉड आडव्याच्या खाली फक्त १४ अंश झुकवता येतो. ६ फुटी घेतला तर १७. एका फुटाने कमावले ते तीन अंश! पण खुर्ची उंच करून मूठ ७५ सेंटिमीटरवर आणा, ७ फुटीच २४ अंश झुकतो. म्हणजे शेंडा आपटत असेल तर रॉड कापू नका, बैठक उंच करा.

जिगवाली

बैठक उंच केली की तोलही वर जातो, हे तुमच्या गणितात नाही. अरुंद कयाकवर उंच खुर्ची लावून बाजूचा झटका मारून बघा. मग जो कोन मिळेल तो पाण्याखालून मोजा.

काटकोन

मान्य. रुंद कयाक असेल तरच.

वल्हेकरी

तोलाचा विषय निघालाच आहे तर, मासा बाजूला ओढत असताना रॉड बाजूलाच धरून ठेवू नका. शेंडा नाळेकडे न्या. कयाक फिरते, नाळ माशाकडे होते आणि मासा कयाकलाच ओढत नेतो. न्यावी त्याने, तेवढाच तो थकतो. आडव्या ओढीने कयाक कलंडते, उभ्या ओढीने नाही. ड्रॅग लाईनच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शावर, फार तर तिसऱ्या. इथेही ७ फुटी कामाला येतो, कारण शेंडा पुढे नेऊन नाळेवर ओढ आणायची तर तो तिथवर पोचायला हवा.

दोनतुकडे

माझा आयडी बघून कळलंच असेल मी काय सांगणार.

दोन तुकड्यांचा घ्या. एकसंध ७ फुटी कयाकच्या पोटात जात नाही. बऱ्याच कयाकच्या पुढच्या झाकणातून साडेतीन फुटाचे तुकडे आरामात सरकतात. हे कशाला? लाटा फुटत असताना समुद्रात उतरायचं किंवा काठावर परत यायचं असेल तर रॉड डेकवर उभे ठेवायचेच नाहीत. लाटेने कयाक उलटली की उभे रॉड वाळूत रुततात, मोडतात किंवा तुमच्या मानेत घुसतात. उतरताना रॉड आत, लाटा ओलांडल्या की बाहेर काढून जोडायचे.

पूर्वी म्हणायचे दोन तुकड्यांत संवेदना जाते. आताच्या बऱ्या रॉडमध्ये सांधा हाताला जाणवत नाही. फक्त दिवसभर फेकून फेकून सांधा सैल होऊन फिरतो. तासा-दोन तासांनी रिंगा एका रेषेत आहेत का बघायचं आणि दाबून बसवायचं. सैल सांध्यावर मोठा मासा लागला तर रॉड तिथेच फाटतो.

नवख्यांसाठी: रॉडवर ७०२ लिहिलेलं असलं तर बहुधा ७ फूट ० इंच, २ तुकडे. ६६२ म्हणजे ६ फूट ६ इंच, २ तुकडे. पुढची अक्षरं ताकदीची. एमएल म्हणजे मिडियम लाइट, एम म्हणजे मिडियम, एच म्हणजे हेवी. बऱ्याच कंपन्या अशाच लिहितात, सगळ्या नाही.

नवा_गडी

दुर्बिणीसारखा घडीचा रॉड चालेल का? तो तर कुठेही मावतो.

दोनतुकडे

मावतो. पण पाच-सहा सांधे, त्यात वाळू आणि मीठ. एक दिवस उघडणार नाही, दुसऱ्या दिवशी मिटणार नाही. गोड्या पाण्यात, छोट्या माशाला, सुट्टीत मजा म्हणून ठीक.

जिगवाली

सगळे शेंड्याबद्दल बोलताय, बुडख्याबद्दल कोणीच नाही. कयाकवर बुडखा जास्त छळतो.

शांतपाणी, तुमच्या ९ फुटीचा बुडखा किती लांब होता? काठावरच्या रॉडला दोन्ही हातांनी फेकायला लांब मूठ देतात. बसलात की तो दांडा लाइफ जॅकेटच्या खिशात, पट्ट्यात, खुर्चीच्या कडेत अडकतो. फेकताना कोपराखालून जायला जागा नाही. मासा लागल्यावर हात बदलायला गेलं की पोटात ढुशी. माझी एक मैत्रीण अशीच रॉड या बाजूचा त्या बाजूला घेत होती, बुडखा जॅकेटच्या पट्ट्यात गेला, तिला सोडवता येईना, तोवर मासा मागच्या टोकाला वळसा घालून गेला. तिने चक्क लाईन कापली.

रिळाच्या पायापासून बुडख्याच्या टोकापर्यंत २० ते २५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण कोपरापर्यंत न पोचणारा दांडा, बसून फेकायला उत्तम. दुकानात रॉड उभ्याने हलवून बघू नका. खाली जमिनीवर पाय पसरून बसा आणि फेकल्यासारखं करा. लोक बघतील, बघू देत.

फेकबहाद्दर

ट्रोलिंगही करायचंय त्यांना. आखूड बुडखा रॉड होल्डरमध्ये नीट बसत नाही. मासा लागला आणि वर उपटला की रॉड जय हरी.

जिगवाली

म्हणून २०-२५ म्हटलं, १५ नाही. आणि होल्डरमधला रॉड दोरीने कयाकला बांधायचाच. बुडखा फार लांब असला तर उलट त्रास, खोल होल्डरमध्ये घट्ट बसतो, मासा ओढत असताना एका हाताने उपसता येत नाही.

वल्हेकरी

बुडख्याबद्दल ताईंना +१. हे मी आधी लिहायला हवं होतं.

ट्रोलिंगचं थोडं. दोन रॉड दोन बाजूंना आडवे लावले की जितका रॉड लांब तितक्या लाईनी लांब-लांब राहतात आणि वळताना गुंतत नाहीत. त्या बाबतीत साडेसात बरा. पण हाताने वल्हवायच्या कयाकवर पुढे लावलेला रॉड वल्ह्याच्या पात्याला लागतो. होल्डर बसवण्याआधी कयाकवर बसून हवेत वल्हवा, पातं जिथून फिरतं त्या पट्ट्याबाहेर होल्डर हवा. मागे लावलात तर वल्हं मोकळं, पण शेंडा दिसत नाही, लागलेला मासा रिळाच्या किरकिरीवरूनच कळतो, आणि मान मुरगळून मागचा रॉड काढावा लागतो. मी एकच रॉड पुढे ठेवतो, शेंडा डोळ्यासमोर. शेंड्याची थरथर एका लयीत चालू असली की ल्युअर नीट पोहतोय, थरथर थांबली की गवत अडकलंय. ते बघत वल्हवण्यात अर्धा आनंद आहे.

मागे उभे ठेवलेले जादा रॉड फेकताना अडथळा होतात, तेही बघा. डोक्यावरून फेकायला गेलं की ल्युअर मागच्याच रॉडला लागतो. झाडांखालून जाताना तर उभे लांब रॉड फांद्या झोडपत जातात. आणि आकाशात गडगडलं की रॉड आडवे करा आणि काठ गाठा. कार्बन वीज वाहून नेतो, उघड्या पाण्यात सगळ्यात उंच तुम्हीच असता.

उगाच_एक

म्हणजे सात जणांत सात फुटी ठरला म्हणायचं. आठवा आला तर आठ?

फेकबहाद्दर

माझं नाव त्या सातांत घालू नका. उभं राहणाऱ्याला साडेसातच.

शांतपाणी

सगळ्यांचे आभार. काल दुकानात जाऊन खरंच जमिनीवर बसलो. दुकानदाराने आधी पाणी विचारलं, मग काय झालंय ते. तीन रॉड घेऊन बसल्या बसल्या फेकून बघितले. साडेसात फुटी हातात मस्त वाटला पण बुडखा थेट बरगडीत. साडेसहा फुटी इतका सोयीचा की तोच घेणार होतो. मग २०५ चा आकडा आठवला.

७ फुटी, दोन तुकडे, मिडियम, बुडखा २३ सेंटिमीटर. काटकोन यांनी सांगितल्याप्रमाणे दुकानदाराला लाईन धरायला लावली, वाक मधल्या भागापर्यंत येतो. आज घरी लाईन भरतोय. रविवारी पाण्यात.

दोनतुकडे

छायाचित्र टाका. सांधा दिसेल असं.

शांतपाणी

रविवारचा वृत्तांत. पहिले दोन तास काही नाही, फक्त फेकण्याचा सराव. ९ फुटीपेक्षा अंतर कमी पडतंय हे खरं, पण हात दुखला नाही आणि ल्युअर हवा तिथे पडतोय.

मग एक लागला. दांडगा होता, उजवीकडे धावला, मी शेंडा नाळेकडे नेला, कयाक फिरली, छान चाललं होतं. अचानक तो खाली बसला आणि नाळेखालून डावीकडे. मला वल्हेकरींचं वाक्य शब्दशः आठवलं आणि तरी दोन सेकंद हात हलला नाही. लाईन तळाला घासल्याची कंपनं मुठीत येत होती, ब्रेड प्लॅस्टिकवर घासते ती खर्रर्र. मग पुढे वाकून रॉड पाण्यात खुपसला, रिळापर्यंत हात ओला, आणि वळसा घातला. शेंडा नाळेपासून हातभरही पलीकडे नव्हता. साडेसहा फुटी असता तर लाईन नाळेला अडकली असती, यात मला आता शंका नाही.

लाईन मोकळी झाली. मासा जवळ आला. यावेळी शेंड्यापासून रॉडभर लाईन ठेवून थांबलो, रॉड वर-मागे नेला, मासा अगदी गुडघ्यापाशी. डाव्या हाताने जाळी घ्यायला गेलो. जाळी मागच्या क्रेटमध्ये, तिचा दांडा होल्डरच्या दोरीत गुंतलेला. ओढतोय, येत नाही, ओढतोय, येत नाही. तेवढ्यात माशाने मान हलवली, गळ सुटला, आणि तो माझ्याकडे बघून सावकाश खाली गेला.

रॉड शाबूत आहे.

आता पुढचा प्रश्न: जाळीचा दांडा किती लांब असावा?

जिगवाली

हातभर. आणि जाळी पायांमध्ये, मागे नाही.

वल्हेकरी

मांडीखाली दांडा दाबून ठेवायचा, जाळी नाळेकडे तोंड करून. बाकी त्यासाठी वेगळा धागा काढा, माझ्याकडे पुष्कळ बोलण्यासारखं आहे.

उगाच_एक

जागा धरून बसतोय.